पाणी उजव्या हाताले

सन दोन हजार एकोणीस. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि माझा डावा पाय माझं ऐकेनासा झाला होता. लकवा मारून गेला. तोंड वाकडं झालं होतं ते काही दिवसांत सरळ झालं, हातही कामाला लागला, पाय मात्र राहिला तो राहिला. डॉक्टर म्हणाले, "बाबा, रोज चाला. कालच्यापेक्षा आज थोडं जास्त चाला. नाही चाललात तर खाटेवर पडाल, आणि मग उठणं नाही." मी म्हटलं, पाहतो. घरी आलो, सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, खाट टाकली आणि बसलो ते बसलोच.

लोकांना वाटलं मी भ्यालो. भ्यालो नव्हतो. ज्या गावात जन्मभर नांगरामागे ताठ चाललो, त्याच गावातून पाय ओढत जायचं आणि घराघरातून "कसं आहे आता?" ऐकून घ्यायचं, ते मला मंजूर नव्हतं. सून म्हणाली, "बाबा, आंगणात तरी चाला." मी म्हटलं, "आंगणात कोंबड्या चालतेत."

मग एका सकाळी तो आला.

त्याचं नाव लिहीत नाही. तो असता तर म्हणाला असता, "कायले लिहितोस गा, तुझं अक्षर कोणाले वाचता येते?" मी चौथीपर्यंत शिकलो, तो तेवढाही नाही. पण माझ्या अक्षराला नाव ठेवायचा त्याचा हक्क होता, तो त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. तो तलावात आणि नदीत जाळं टाकणाऱ्या घरातला. आमचं गाव करडीच्या बाजूला, गावाला लागून मोठा तलाव. आम्ही दोघं एका वयाचे, पण दोस्ती म्हणाल तर कधी नव्हती. मी धानाला पाणी सोडा म्हणून भांडायचो आणि तो मासोळीसाठी पाणी ठेवा म्हणून. उभा जन्म आम्ही एकाच पाण्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

तर तो आला. खांद्यावर जाळं होतं. खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "उठ गा पाटील."

"कायले?"

"मले साखर निघाली. डॉक्टर म्हणते चाल. आता मी एकटा चाललो तं लोक म्हणतीन बुढा येडा झाला. दोघं चाललो तं म्हणतीन कामाले चालले."

"माझा पाय चालत नाही."

"एक तं चालते न? मंग दुसरा जाईन कुठं? येईन मागं मागं."

मला राग आला. रागातच उठलो. उठलो हे त्याने पाहिलं. दारामागचा विळा काढून माझ्या हातात दिला. "हा धर. गवताले चाललो म्हण."

हे समजून घ्या. आमच्या इकडे काम नसताना चालणारा माणूस कोणी पाहिलेला नाही. शहरात बुढे पांढरे बूट घालून हात हलवत फिरतात, त्यांना कोणी हसत नाही. आमच्याकडे रिकाम्या हाताने फिरणारा एक तर रिकामटेकडा, नाही तर घरातून भांडून निघालेला. म्हणून त्याच्या खांद्यावर जाळं आणि माझ्या हातात विळा. त्या जाळ्यात त्याने कधी मासा धरला नाही, मी कधी गवताची काडी कापली नाही. कोणी विचारलं, "काय गा, मासोळ्या?" तर तो म्हणायचा, "झोपल्या हायेत. उठल्या का सांगतो." पुढल्या वर्षी रोग आला, सगळं बंद झालं, तेव्हा फाट्यावर पोलीस उभे राहायचे. त्यांनी तालुक्याहून आलेल्या मास्तरला घरी परत पाठवलं. आमचं जाळं आणि विळा पाहून आम्हाला कोणी हटकलं नाही.

पण त्याच्या वेडाची खरी गोष्ट वेगळी आहे. ती मला पहिल्याच दिवशी कळली.

तलावाची पार, म्हणजे पाणी अडवणारी मातीची भिंत, गावापासून सुरू होते. पार संपते तिथं सांडवा, म्हणजे तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून उतरते ती जागा. सांडवा ओलांडला की मागल्या अंगाने वावरांच्या धुऱ्या-बांधावरून वाट जाते, मध्ये मरघट, गावाचं मसण, लागतो, आणि तिथून वाट पुन्हा गावात येते. असा पुरा गोल. पहिल्या दिवशी मी पारीवर थोडासाच गेलो असेन. पाय थरथरायला लागला, घाम आला. मी म्हटलं बस झालं, आणि गावाकडे तोंड फिरवलं.

तो असा ओरडला की पारीखालचे बगळे उडाले.

"थांब! मागं नको फिरू! सारं उलगडन!"

"काय उलगडन?"

त्याने मला तिथंच खाली बसवलं. कमरेला अंबाडीचा दोर बांधलेला असायचा, तो सोडला. एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं मांडीवर ठेवून तळहाताने उलटं वळलं. दोराचा पीळ सुटला, धागे वेगळे झाले, वाऱ्यावर हलायला लागले.

"पाहिलं? दोर एकाच अंगानं वळा लागते. उलटं वळलं का गेला. माणसाचं चालणं तसंच आहे. गेला त्या वाटेनं मागं आला का चाललेलं फिटते. लोक एवढे चालतेत आन् बरे काहून होत नाहीत? मागं येतेत म्हणून. पाणी उजव्या हाताले ठेवाचं अन् पुढंच जाचं. थकला तं बस. झोप. पण मागं नाही."

मी म्हटलं, "हे तुले कोण सांगितलं?"

"जाळ्यानं."

मी त्याचं कधीच मानलं नाही, हे आधीच लिहून ठेवतो. पण त्या दिवशी मी बसलो, उठलो, बसलो, सांडव्याच्या दगडावर तर आडवाच झालो, आणि गोल पुरा करून घरी आलो. मागे फिरायची वाट त्याने बंद केली होती, म्हणून पुढे गेलो. डॉक्टरला हे जमलं नव्हतं.

त्या येडपणात तो पक्का होता. एकदा खर्रा, म्हणजे घोटलेल्या सुपारी-तंबाखूची पुडी, घरी विसरला. पारीच्या सुरुवातीलाच आठवण झाली, घर दिसत होतं, अंगणात त्याची बुढी उभी होती. मी म्हटलं, "जा, घेऊन ये." नाही गेला. पुरा गोल खर्ऱ्याशिवाय चालला आणि वाटभर माझ्यावर चिडला. त्याची पोरगी बपेऱ्याला दिलेली. तिच्याकडे बसने जायचा, त्याच बसने यायचा. मी पकडलं त्याला, "आता? आता नाही उलगडत?" तो म्हणाला, "बस चालते. उलगडलं तं तिचं उलगडन. मी बसलेलो हाव."

डॉक्टरने त्यालाही सांगितलं होतं, कालच्यापेक्षा थोडं जास्त. पण तलावाचा गोल काही वाढत नाही. मग त्याने तोड काढली. मासोळी विकताना तराजू बरोबर झाला की गिऱ्हाईक थांबून राहते, तेव्हा वरून एक लहान मासोळी टाकावी लागते. टाकली नाही तर गिऱ्हाईक मनातून खट्टू होते. तशी तो चालण्यात वरची मासोळी टाकायचा. गोल पुरा झाला की गावाच्या तोंडाशी मोहाचं झाड आहे, त्याला एक फेरा. पुढं त्या झाडासोबत हातपंपालाही. मग मंदिर, मग बंद पडलेली धानाची गिरणी. "वजन झालं," म्हणायचा, "आता वरची मासोळी दे." मी कुरकुर केली तर म्हणायचा, "देवाचा हात तराजूवर आहे. तो पाहून राहिला तू किती कंजूष हायेस ते."

माझा पाय सुधारला. हे त्याच्यामुळे झालं असं मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. त्यालाही ऐकायचं नव्हतं.

तो अनवाणी चालायचा. जन्मभर अनवाणी. मासे धरणाऱ्या माणसाचे डोळे पायात असतात, गढूळ पाण्यात वाम कुठं रुतली, मरळ कुठं बसली, ते पायाला समजते. माझ्या लेकाने मला नागपूरवरून जोडे आणून दिले होते. ते पाहून तो म्हणाला, "पायाच्या डोळ्याले पट्टी बांधली तुवा." मी म्हटलं, "डॉक्टर तुलेही जोडेच घाल म्हणते." तो म्हणाला, "डॉक्टर कधी तलावात उतरला आहे का?"

पुढं पुढं त्याच्या पायाला समजेनासं झालं. साखरेने असं होते म्हणतात. एकदा सांडव्यापाशी त्याच्या पायावर लाल मुंग्या चढल्या, मी पाहिल्या, त्याला पत्ताच नाही. मी झटकल्या. तो पायाकडे पाहत राहिला, मग हसला. "माझे पाय आंधळगावले गेले गा."

आंधळगाव आमच्याच तालुक्यातलं मोठं गाव आहे. मीही हसलो. त्यानंतर रोजच विचारायचो, "कसं आहे आंधळगाव?" तो म्हणायचा, "बाजार भरला आहे."

दोन पावसाळे आम्ही चाललो. तिसऱ्या पावसाळ्यानंतर, धान कापणीला आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नेहमी त्याच्या मागे असायचो. पारीवर माती सुकलेली, पांढरी. त्या पांढऱ्या मातीवर त्याच्या उजव्या पावलामागे लाल ठिपका पडत होता. मी हाक मारली.

"अरे, रक्त निघून राहिलं."

"तुझं असन."

"माझ्या पायात जोडा आहे. बस खाली."

शिंपल्याने तळवा चिरला होता. टांगल्यासारखी कातडी लोंबत होती आणि तो तिच्यावर चालत होता. त्याने तलावाचा चिखल घेतला, थापला, उठला. मी म्हटलं, "दवाखान्यात चाल." तो म्हणाला, "चालूनच राहिलो न."

रोज सांगितलं. त्याच्या बुढीला सांगितलं, तिनं कपाळाला हात लावला. त्याचा लेक तुमसरला ऑटो चालवतो, त्याला फोन लावून सांगितलं. तो आला, बापाशी भांडला, गेला. पाय सुजला, मग काळा पडायला लागला, मग वास यायला लागला. वारा समोरून असला की मला मागे यायचा. तरी चालत होता. म्हणायचा, "चाललं नाही तं रक्त थांबते. थांबलेलं पाणी सडते. तुले वावरवाल्याले काय समजते?" पाण्यावरून भांडायची त्याची जुनी सवय होती. या वेळी पाणी त्याच्या अंगातलं होतं एवढंच.

मग एका सकाळी आम्ही सांडव्यावर पोचलो, तिथं पातळ पाणी वाहत होतं. तो दगडावर बसला. मी म्हटलं उठ, तर उठता येईना. अंग तापलेलं, डोळे लाल. मी पारीवर उभा राहून धान कापणाऱ्यांना हाका मारल्या. कोणीतरी धावत गावात गेलं. लेक त्या दिवशी नशिबाने घरीच होता, मोटरसायकल घेऊन पारीवरून आला.

बापाला मागे बसवलं, धरायला एक माणूस बसला. लेकाने गाडी गावाकडे वळवली तसा तो ओरडायला लागला.

"पुढून ने! अबे, पुढून ने मले!"

लेक म्हणाला, "बाबा, पुढं पाणी आहे. गाडी घसरन."

"घसरू दे! मागं नको नेऊ!" त्याने माझ्याकडे पाहिलं. "पाटील, तू तं सांग त्याले!"

मी म्हटलं, "ने. आल्या वाटेनं ने, लवकर ने."

माझं तेव्हाही बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. सांडव्यावरून तापलेल्या माणसाला मोटरसायकलवर कोण नेते? गाडी पारीवरून गेली. तो मान वळवून सांडव्याकडे पाहत होता आणि पाणी त्याच्या डाव्या हाताला होतं.

भंडाऱ्याला पाय गुडघ्याखालून कापला.

घरी आला तेव्हा माझ्याशी बोलला नाही. मी रोज गोल पुरा करून त्याच्या अंगणात जाऊन बसायचो. तो भिंतीकडे तोंड करून दोर वळत बसलेला असायचा. कापलेल्या पायाची मांडी शाबूत होती, त्याच मांडीवर अंबाडी ठेवून तळहाताने पुढे सारायचा. दोराचं कोणाला काम नव्हतं. जाळी आता बाजारातून तयार येतात. पण दोर लांबत होता, वेटोळं मोठं होत होतं. त्याची बुढी मला चहा द्यायची आणि म्हणायची, "बसा भाऊजी. बोलला नाही तरी त्याले समजते कोण आलं ते."

एक दिवस भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलला. "आज वरची मासोळी दिली?"

"दिली."

"खोटं नको बोलू. तुझ्या जोड्याले गिरणीजवळचा जुना कोंडा नाही लागला."

खरंच, गिरणीचा फेरा मी टाळला होता. दुसऱ्या दिवसापासून टाळला नाही. असं थोडं थोडं बोलणं सुरू झालं. पण पायाचं बोलणं निघालं की तो एकच म्हणायचा, आणि तेही ओरडून नाही, हळू. "पाय शिंपल्यानं नाही गेला. मले मागं आणलं तुमी लोकायनं, म्हणून गेला. तो गोल अर्धा राहिला."

कुबडी आणली. एकदा उभा राहिला, अंगणातच पडला. कुबडी त्याने जाळ्याला टेकू म्हणून लावून टाकली, पुन्हा हातात घेतली नाही. तिथून तो उतरत गेला. डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या पायावर उभं राहा, हिंडा, नाही तर हाही जाईल. मला तर वाटते, पुढून नेलं की मागून नेलं, त्यापेक्षा त्याला उठायला काही कारण पाहिजे होतं. मला त्याने कारण दिलं होतं. त्याला द्यायला माझ्याजवळ काय होतं? मग मला सुचलं.

"हे पाह्य. बैलगाडी जुंपतो. तुले सांडव्यावर नेतो दुसऱ्या वाटेनं, वावरातून. तिथून पुढं, मरघटावरून गावात. अर्धा राहिलेला पुरा करून टाक. झालं?"

त्याचे हात थांबले. पहिल्यांदा थांबले. मग म्हणाला, "गाडीत बसून केलेला गोल कोणाच्या अंगी लागन? बैलाच्या."

"मंग मी खांद्यावर घेतो."

"तुझे पाय माझ्या कामाचे नाहीत. ते मीच शिकवले हायेत." हसला. मग म्हणाला, "सांडवा सुकू दे. सुकला का पाहू."

मी रोज सांडवा पाहून यायचो आणि तो रोज विचारायचा. "ओला आहे?" पाणी कधीचंच आटलं होतं, दगड कोरडे पडले होते, बकऱ्या त्यावरून जात होत्या. मी म्हटलं, "सुकला." तो म्हणाला, "आतून ओला असन." पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग मी पाहिलं की सांडवा सुकल्याचं त्याला माहीत आहे. गावाच्या मधून गाडीत बसून, लोकांच्या नजरेसमोरून जायचं त्याला मंजूर नव्हतं. खाटेवर बसून राहिलेला माणूस कसा असते ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्यानंतर त्याने विचारलं, "ओला आहे?" तर मी म्हणायचो, "आहे थोडा."

मोहाची फुलं पडायला लागली त्या दिवसांत तो गेला. सकाळी चहा मागितला आणि प्यायला नाही.

दुपारी तिरडी बांधली. बांधायला दोर त्याचाच घेतला, दुसरा कोणी शोधला नाही. मी लेकाला बाजूला घेतलं. म्हटलं, "त्याले पारीवरून ने. सांडव्यावरून पुढं, अन् मरघटात. पाणी उजव्या हाताले राहीन."

"काका, ती वाट किती लांब आहे. माणसं म्हातारी हायेत. ऊन पाहा."

"सरळ वाटेनं नेलं तं उलटं होते. त्याच्या हिशोबानं उलटं होते."

"काका, आता कोणता हिशोब?"

लेक वाईट नव्हता. डोळे सुजलेले होते. पण जमलेल्यांतला एकजण म्हणाला, "मयत फिरवून नेत नाहीत. घरून सरळ मरघट." आणि दुसरा हळूच म्हणाला, "पाटलाच्या डोक्यालेही लकवा लागला." मी ऐकलं. ऐकून सोडलं. तिरडी उचलली आणि गावातून सरळ मरघटाच्या वाटेने निघाली. तलावाचं पाणी त्याच्या डाव्या हाताला.

मी त्यांच्या मागे गेलो नाही. मी पारीवर चढलो. एकटाच गेलो, ऊन डोक्यावर, पाय ओढत. सांडव्यावरच्या दगडावर बसलो नाही, थांबलो नाही. धुऱ्यावरून मरघटात पोचलो तेव्हा आग लागून गेली होती आणि लोक झाडाखाली बसून खर्रा घोटत होते. लेकाने माझ्याकडे पाहिलं, सरकून जागा दिली. मी उभाच राहिलो. दोर आधी जळतो, हे त्या दिवशी पाहिलं.

रात्री सून म्हणाली, "बाबा, उद्या नका जाऊ फिराले. पाय सुजला आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, जोडे घातले. विळा दारामागेच राहू दिला. सरळ मरघटाच्या वाटेने निघालो, पाणी डाव्या हाताला ठेवून. असं मी कधी चाललो नव्हतो. वाटेत एकाने विचारलं, "काय गा पाटील, आज उलटे?" मी चालत राहिलो. मी त्याचं कधी मानलं नाही हे वर लिहिलंच आहे. पण म्हटलं, उलटं चालल्याने चाललेलं फिटत असेल, तर मग फिटू दे. ते मोटरसायकलवालं फिटू दे, शिंपलं फिटू दे, लाल ठिपके फिटू दे. मरघटात राख अजून गरम होती. तिथून धुऱ्यावरून सांडव्यावर आलो, आणि ज्या दगडावर तो बसला होता त्या दगडासमोर उभा राहिलो.

दगड कोरडा होता. मी पुढे पारीवरून घरी आलो. मोहाच्या झाडाला फेरा मारला, तोही उलटा.